पहाटे तीनचा फोन : अमेरिकेचा उमेदवार सैन्य सांभाळायला लायक आहे हे कळतं कसं?

एडिसनकर (शनिवार, रात्री ९:४०)

मंडळी, एका प्रश्नावर घरच्या जेवणाच्या टेबलावर मी हरलोय, म्हणून इथे आणलाय.

लेकीने २०२४ ला आयुष्यातलं पहिलं मत दिलं. परवा वरणभात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, जगात कुठे काही पेटलं की टीव्हीवाले लगेच म्हणतात, आता उमेदवारांची परीक्षा. पण त्यांच्या हातात तेव्हा असतं काय? सैन्य नाही, हेर नाहीत. नुसतं बोलायचं. मग परीक्षा कसली, वक्तृत्व स्पर्धा म्हणा ना."

मी तिला २००८ सांगितलं. हिलरी क्लिंटन यांची ती जाहिरात आठवत असेल. मुलं गाढ झोपलीत, पहाटेचे तीन वाजलेत, व्हाइट हाउसमधला फोन खणखणतोय, तो कुणी उचलावा असं तुम्हाला वाटतं? टेक्सास आणि ओहायोच्या प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला) चार दिवस उरले असताना ती आली. दोन्हीकडे हिलरी जिंकल्या, उमेदवारी मात्र ओबामांना मिळाली. मग ऑगस्टमध्ये फोन खरंच वाजला. ८ तारखेला बीजिंगमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन, आणि त्याच दिवशी रशियाचे रणगाडे शेजारच्या जॉर्जिया देशात. ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकेन तडक रशियावर तुटून पडले. ओबामा हवाईला सुट्टीवर निघालेले, त्यांचं पहिलं निवेदन 'दोन्ही बाजूंनी संयम पाळावा' छापाचं. चार दिवसांनी मॅकेन म्हणाले, आज आपण सगळे जॉर्जियन आहोत.

मला तेव्हा मॅकेन सरस वाटले होते, कबूल करतो. माझ्याकडे मत नव्हतं, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही.

तर प्रश्न असा. परदेशातल्या संकटात उमेदवार जे बोलतो, त्यावरून तो उद्या सैन्य कसं हाताळेल हे खरंच कळतं का? की आपण नंतर निकाल बघून गुण देतो? 'यंदा कोण' यावर नको, त्यासाठी दुसरे धागे दुथडी भरून वाहताहेत.

चहाटळ (शनिवार, रात्री ९:५२)

आमच्याकडे पहाटे तीनला फोन वाजला तर त्याचा एकच अर्थ असतो. अमेरिकेतल्या भाच्याने वेळेचं गणित पुन्हा चुकवलंय.

वाचनमात्र (शनिवार, रात्री १०:०५)

बूड टेकवलंय. येऊ द्या.

रात्रपाळी (शनिवार, रात्री ११:३०)

मी हिंजवडीत प्रॉडक्शन सपोर्टला आहे. आठवड्याआड पहाटे तीनचा फोन मला येतो, त्यामुळे या विषयातला मी अधिकारी माणूस आहे असं समजून वाचा. :)

त्या जाहिरातीत एक मूळ चूक आहे. फोन कोण उचलतो याला फारसं महत्त्व नसतं. उचलल्यावर तो कुणाकुणाला उठवतो, आणि पहिली दहा मिनिटं कशाला हात लावत नाही, यावर सगळं ठरतं. नवीन पोरगं घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करतं. साइट चालू होते, सगळे शाबासकी देतात, आणि सकाळी कळतं की बिघाड कशामुळे झाला हे सांगणारे लॉग त्याच्याबरोबरच उडाले. पुढच्या आठवड्यात तोच बिघाड, तीच वेळ.

मॅकेन मला त्या पोरासारखे वाटतात.

खडूस_मावशी (रविवार, सकाळी ७:१०)

एडिसनकर, जाहिरातीची पुढची गंमत विसरलात. त्यात झोपलेली दाखवलेली एक मुलगी जुन्या साठवणीतल्या चित्रणातली होती. तोवर ती मोठी झाली होती आणि पक्की ओबामांच्या बाजूची निघाली.

अनुभवाची बात करावी तर हिलरीबाईंनी पुढच्याच महिन्यात सांगितलं की १९९६ ला बोस्नियात तुझलाला त्या उतरल्या तेव्हा गोळ्या सुटत होत्या, मान खाली घालून पळावं लागलं. चित्रफीत बाहेर आली तर धावपट्टीवर एक छोटी पोर त्यांना कविता वाचून दाखवतेय!

हसू येतं, पण बाईला हे असलं का रचावं लागतं तेही बघा. १९८४ ला जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाला उभ्या होत्या. त्यांना टीव्हीवर विचारलं, अण्वस्त्राचं बटण दाबण्याइतक्या खंबीर आहात का? पुरुषाला कधी कुणी उलट विचारलंय का, बटण न दाबण्याइतका खंबीर आहेस का म्हणून? आपल्याकडे १९७१ च्या डिसेंबरनंतर असा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नाही.

इतिहासाचा_किडा (रविवार, सकाळी ९:४५)

मावशी, विचारलं होतं. १९६४ ला, अध्यक्षपदाचा उमेदवार बॅरी गोल्डवॉटरला. आणि या धाग्यावरचं सगळ्यात बोधप्रद प्रकरण तेच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

गोल्डवॉटर अण्वस्त्रांबद्दल फार सैल बोलायचा. त्याच्यासमोरच्या अध्यक्ष जॉन्सनच्या लोकांनी ७ सप्टेंबरला एक जाहिरात दाखवली. एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या मोजतेय, तिचे आकडे संपतात तिथून उलटमोजणी सुरू होते आणि अणुस्फोट. पैसे देऊन ती एकदाच दाखवली, पण तेवढ्याने काम झालं. हा माणूस बटणाजवळ नको, असं लोकांच्या मनात बसलं. ऑक्टोबरच्या मध्यावर दोन दिवसांच्या अंतराने रशियात ख्रुश्चेव्हची खुर्ची गेली आणि चीनने पहिली अणुचाचणी केली. जग हललंय, तेव्हा खुर्चीत शांत माणूस असू दे, असा मतदारांचा कौल. जॉन्सन प्रचंड फरकाने आला.

आता त्याच वर्षीचा ऑगस्ट बघा. टोंकिनच्या आखातात २ तारखेला उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी अमेरिकी विनाशिकेवर हल्ला केला. ४ तारखेला दुसरा हल्ला झाल्याची खबर आली. जॉन्सनने त्याच रात्री टीव्हीवर येऊन हवाई हल्ल्यांची घोषणा केली, आणि तीन दिवसांत काँग्रेसने त्याच्या हातात जवळजवळ कोरा चेक दिला. सिनेटमध्ये विरोधात फक्त दोन मतं! गोल्डवॉटरनेही पाठिंबा दिला. सगळे म्हणाले, बघा, कणखर पण मोजूनमापून. परीक्षेत पैकीच्या पैकी.

तो ४ तारखेचा हल्ला झालाच नव्हता. वादळी रात्र, रडारवरचे खोटे ठिपके, घाबरलेले सोनारवाले. तिथल्या कमांडरने त्याच दिवशी कळवलं होतं की आधी नीट खात्री करा. म्हणजे आपल्या रात्रपाळीच्या भाषेत, लॉग न बघता रीस्टार्ट. ऑक्टोबरमध्ये हाच जॉन्सन ओहायोत म्हणाला की आशियाई पोरांनी करायचं काम करायला आम्ही अमेरिकी पोरं नऊ-दहा हजार मैलांवर पाठवणार नाही. मार्च १९६५ मध्ये मरीन दा नांगला उतरले, आणि १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर अमेरिकी सैनिक होते.

बटणवाला हरला, शांत माणूस जिंकला, आणि युद्ध शांत माणसाने केलं. तुमच्या लेकीचा मुद्दा मला पटतो.

रात्रपाळी (रविवार, सकाळी ९:५८)

किडेसाहेब, दंडवत. 'आधी खात्री करा' हा मेसेज प्रत्येक आउटेजमध्ये कुणीतरी टाकतोच. तो मीटिंग संपल्यावर वाचला जातो.

काडीपेटी (रविवार, सकाळी ११:२०)

सगळे मॅकेनला झोडताय. शांत माणसाचं दुसरं उदाहरण घ्या की, अध्यक्ष कार्टर. इराणमध्ये, तेहरानला ५२ अमेरिकी माणसं ४४४ दिवस ओलीस. सोडवायला हेलिकॉप्टरं पाठवली ती वाळवंटात आपसात आपटली. त्याला हरवलेल्या रेगनने नुसती शपथ घेतली आणि काही मिनिटांत ओलीस सुटले. समोरच्याला भीती वाटली पाहिजे, बाकी सगळं पुस्तकी.

चहाटळ (रविवार, सकाळी ११:२४)

आली. काडी आली. पेट्रोल कुठे ठेवलंय रे?

निवृत्त_सुभेदार (रविवार, दुपारी २:४०)

काडीपेटी, जेवण झालं, आता निवांत लिहितो. मी सातारा जिल्ह्यातला, २८ वर्षं वर्दीत काढली, त्यातली बरीच सिग्नल्समध्ये. अमेरिकेचं राजकारण मला कळत नाही. पण त्या रात्रीचं प्रकरण आम्हाला एका कोर्सला शिकवलं होतं.

'निमिट्झ' जहाजावरून आठ हेलिकॉप्टरं उडाली. पुढच्या कामाला कमीत कमी सहा लागणार, हे आधीच ठरलेलं. एक वाटेत बिघडलं, एक धुळीच्या लोटातून मागं फिरलं, तिसऱ्याचं हायड्रॉलिक गेलं. राहिली पाच. जागेवरच्या कमांडरनं सांगितलं, साहेब, होणार नाही, परत निघू द्या. ते वर वर जात कार्टरपर्यंत पोचलं आणि त्यांनी 'या परत' म्हणून सांगितलं. आपटाआपटी त्याच्यानंतरची. निघताना धुळीत एक हेलिकॉप्टर सी-१३० विमानावर गेलं, आठ जवान गेले.

आता तुम्ही सांगा. निवडणुकीचं साल आहे, देश खवळलेला आहे, पाच हेलिकॉप्टरांवर 'जा पुढं' म्हणायचा मोह कुणालाही झाला असता. जिंकलो तर हिरो. न झेपणारी मोहीम थांबवायला जो दम लागतो तो बाहेरून दिसत नाही. हल्ल्याचा हुकूम द्यायला कुणीही तयार असतो, अहो, आमच्या गावच्या पारावर रोज चार-पाच हल्ले होतात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो माणूस टीव्हीवर येऊन म्हणाला, पाठवायचा निर्णय माझा, थांबवायचाही माझा, जबाबदारी पूर्ण माझी. कुण्या कर्नलवर ढकललं नाही. मला असा साहेब मिळाला असता तर मी खूश असतो. मत दिलं असतं का, ते वेगळं.

चूक प्लॅनमध्ये होती हे खरंच. चारी दलांना आपापला वाटा हवा होता, एकत्र सराव धड नाही, रेडिओवर एकमेकांशी बोलायची बोंब. त्यातून शिकून त्यांनी १९८७ ला खास मोहिमांसाठी वेगळी कमांड उभी केली.

खडूस_मावशी (रविवार, दुपारी ३:०५)

सुभेदार, 'मत दिलं असतं का ते वेगळं' यातच सगळं आलं हो.

इतिहासाचा_किडा (रविवार, दुपारी ४:१५)

सुभेदार काकांना +१. काडीपेटी, रेगनच्या भीतीने ओलीस सुटले ही कथा फार चालते. पण सुटकेचा करार कार्टरच्याच माणसांनी अल्जीरियाच्या मध्यस्थीने केला, आणि १९ जानेवारीला, म्हणजे शपथविधीच्या आदल्या दिवशी, तो झाला होता. विमान मात्र नव्या अध्यक्षाची शपथ झाल्यावरच सोडलं. कार्टरला शेवटचा चिमटा.

एक गोष्ट विसरू नका. हेच संकट आधी कार्टरच्या पथ्यावर पडलं होतं. ओलीस धरले गेल्यावर लोक अध्यक्षामागे उभे राहिले, पक्षातला प्रतिस्पर्धी टेड केनेडी मागे पडला, आणि कार्टर 'मी संकट सोडून प्रचाराला कसा येऊ' म्हणत व्हाइट हाउसमधूनच प्रायमऱ्या जिंकत गेला. नोव्हेंबरपर्यंत तेच संकट गळ्यात आलं. नशीब इतकं खट्याळ की मतदानाचा दिवस ४ नोव्हेंबर १९८०, ओलीस धरल्याला बरोबर वर्ष!

काडीपेटी (रविवार, दुपारी ४:३१)

कराराचं माहीत नव्हतं. मागे घेतो. पण 'भीती वाटली पाहिजे' हे मागे घेत नाही.

वाचनमात्र (रविवार, दुपारी ४:३३)

या धाग्यावर काडीपेटीने काहीतरी मागे घेतलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

बे_एरियातली_मनी (रविवार, रात्री ८:५०)

कुणी धाकट्या बुशची तोंडी परीक्षा कशी काढली नाही अजून? नोव्हेंबर १९९९. बॉस्टनच्या एका टीव्ही पत्रकाराने त्याला अचानक विचारलं, चेचन्या, तैवान, पाकिस्तान आणि भारत, चौघांचे प्रमुख सांगा. तैवानचं अर्धं उत्तर आलं, 'ली'. पाकिस्तानचं म्हणे 'जनरल', नाव येईना. वर असंही म्हणाला की हा नवा माणूस स्थैर्य आणेल असं दिसतंय. मुशर्रफने बंड करून महिना होत नव्हता! आणि आपले वाजपेयी तर पार गायब.

तेव्हा मी मुंबईत कॉलेजात होते, आम्ही पोट धरून हसलो होतो. कारगिल होऊन चार महिने झाले नव्हते आणि ज्याला अणुबॉम्बची चावी मिळणार त्याला दोन अण्वस्त्रधारी देशांचे प्रमुख माहीत नाहीत.

पुढे काय झालं? २००० च्या ऑक्टोबरमध्ये, मतदानाला चार आठवडेही उरले नसताना, एडनच्या बंदरात 'कोल' जहाजावर हल्ला झाला, १७ नौसैनिक गेले. बुश आणि त्याचा प्रतिस्पर्धी गोर दोघेही बेताचं बोलले. ती अल-कायदाची करणी होती, म्हणजे पुढच्या वर्षीची प्रश्नपत्रिकाच फुटली होती, आणि निवडणुकीत तिच्यावर धड चर्चाही झाली नाही. ११ सप्टेंबरनंतर त्याच 'जनरल'शी बुशला हातमिळवणी करावी लागली. नाव मग बहुतेक पाठ झालं असेल.

चहाटळ (रविवार, रात्री ८:५७)

वाजपेयींच्या नावाला वेळ लागला तर बुशला दोष देऊ नये. स्वतः वाजपेयीही पुढच्या शब्दाला तेवढाच वेळ घ्यायचे.

मडगावचो (रविवार, रात्री १०:२०)

चहाटळ, :)))

आमच्या गोव्याचा एक धागा यात आहे तो जोडतो. १९५६ च्या निवडणुकीत आयझेनहॉवरच्या विरुद्ध उभा होता अॅडले स्टीव्हन्सन. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात दोन संकटं एकदम आली. सुएझवर इस्रायल, ब्रिटन, फ्रान्स चालून गेले आणि बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे घुसले. आयझेनहॉवरने निवडणुकीची पर्वा न करता स्वतःच्या दोस्तांनाच दम भरला, माघार घ्या. पौंडाची नाडी आवळली. मतदानाच्याच दिवशी ब्रिटनने युद्धबंदी मान्य केली, आणि हा ४१ राज्यं घेऊन निवडून आला. ज्याने नॉर्मंडीचं आक्रमण चालवलं त्याला कणखरपणा सिद्ध करायची गरज काय? हंगेरीत मात्र काही केलं नाही, ते बिचारे मेले.

तोच हरलेला स्टीव्हन्सन १९६१ च्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेत अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. आपलं सैन्य गोव्यात शिरलं त्या दिवशी त्याने भारताला जे काही सुनावलं, माझे वडील त्याचं नाव शेवटपर्यंत तोंडात घेत नव्हते. रशियाच्या व्हेटोने निभावलं.

आणि परीक्षेचंच म्हणाल तर आपले तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन. गोवा घेतला, दोनेक महिन्यांत उत्तर मुंबईत आचार्य कृपलानींना दणदणीत हरवून लोकसभेवर गेले. पेपर सोपा होता, पैकीच्या पैकी. ऑक्टोबरात चीनने खरा पेपर काढला आणि महिन्याच्या आत खातं गेलं. मग हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, यशवंतराव दिल्लीला गेले, ते सर्वांना ठाऊक आहे.

संपादक (रविवार, रात्री १०:४१)

मडगावचो यांचा प्रतिसाद इतिहास म्हणून राहू दिला आहे. यापुढे भारतातल्या पक्षांवर घसरलात तर कात्री चालेल.

चहाटळ (रविवार, रात्री १०:४४)

संपादक, पक्ष राहू द्या. शंभरेक वर्षांपूर्वीच्या पलीकडचं चालेल ना? कारण हा धागा अजून पानिपतावर गेला नाही याची मला काळजी लागलीय.

इतिहासाचा_किडा (रविवार, रात्री ११:०२)

बोलावलंत म्हणून दोनच ओळी. सदाशिवरावभाऊंनी फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला लोळवलं, म्हणून त्यांना उत्तरेला पाठवलं. उदगीर हा दख्खनचा पेपर होता, ओळखीचा मुलूख, जवळची रसद. पुढचं १४ जानेवारी १७६१. संपलं, कुणी भाऊंच्या तोफखान्यावर नवा वाद काढू नका, मागच्या वेळी तीनशे प्रतिसाद झाले होते.

दुबईकर (सोमवार, सकाळी ८:१५)

इथे बसून हे जरा वेगळं दिसतं. १ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रं सोडली. माझा भाऊ तेव्हा विमानात. विमान मध्येच वळवलं, तीन तास त्याचा पत्ता नाही. त्याच रात्री अमेरिकेत व्हान्स आणि वॉल्झ यांचा उपाध्यक्षपदाचा वाद होता, आणि पहिलाच प्रश्न, इस्रायलने इराणवर आधीच हल्ला केला तर पाठिंबा द्याल का? घड्याळ लावून दोन मिनिटं. वॉल्झ पहिल्याच उत्तरात इराणच्या जागी इस्रायल बोलून गेला. दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची, तर कोण जास्त घाबरलेला दिसला याची. आमच्या डोक्यावरून जातं ते क्षेपणास्त्र आणि त्यांच्यासाठी तो मंचावरचा देखावा.

आणि घाईचं म्हणाल तर रोम्नी, २०१२ ला ओबामांसमोरचा उमेदवार. ११ सप्टेंबर २०१२, लिबियात बेनगाझीला अमेरिकेच्या राजनैतिक कार्यालयावर हल्ला. रात्रीच याने ओबामांवर टीकेचं निवेदन काढलं. सकाळी कळलं राजदूत आणि आणखी तिघं मेलेत. स्वतःच्या पक्षातले लोकही गप्प झाले.

एडिसनकर (सोमवार, सायंकाळी ६:३०)

दुबईकर, भाऊ सुखरूप पोचला ना? तेवढं कळवा.

धागा लेकीला वाचून दाखवतोय, ती मराठी वाचते पण चहाटळ यांना वेळ लागतो. तिला सगळ्यात आवडली ती रात्रपाळी यांची 'कुणाला उठवतो' वाली ओळ. ती धरून तिने २००८ पुन्हा उकरलं आणि मला तोंडघशी पाडलं. मॅकेन यांचा परराष्ट्र धोरणाचा मुख्य सल्लागार त्याआधी जॉर्जिया सरकारसाठी लॉबिंग करत होता. म्हणजे पहाटे तीनला ते ज्याला उठवणार, तो आधीच एका बाजूचा. ओबामांच्या बाजूने त्याच ऑगस्टमध्ये बायडेन तिबलिसीला जाऊन आले. ते सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, आणि काही दिवसांत तेच उपाध्यक्षपदाचे उमेदवार. ती म्हणते, भाषण सोडा, सोबतची माणसं बघा.

पण मग मी विचारलं, मतदानाच्या आधी उपाध्यक्ष सोडला तर सोबतची माणसं कळतात कुठे? संरक्षणमंत्री कोण, सुरक्षा सल्लागार कोण, कुणी सांगतं का आधी? यावर तिने ताटातलं लोणचं संपवलं.

बे_एरियातली_मनी (सोमवार, रात्री ९:१०)

एडिसनकर, मॅकेनला इतक्या लवकर मोडीत काढू नका. रशियाने २०१४ ला क्रिमिया घेतला तेव्हा त्यांची माणसं म्हणाली, सहा वर्षांपूर्वी सांगत होतो. रोम्नीचंही तेच. २०१२ ला तो म्हणाला रशिया हा आपला सर्वात मोठा भू-राजकीय शत्रू आहे, आणि ओबामाने वादात त्याची टर उडवली की १९८० चं दशक आपलं परराष्ट्र धोरण परत मागतंय. आमच्या ऑफिसातही सगळे हसले. दीड वर्षात हसू मावळलं. पेपर तपासून यायला कधी कधी फार वेळ लागतो.

इतिहासाचा_किडा (सोमवार, रात्री ९:४८)

मनी, रोग ओळखणं वेगळं आणि शस्त्रक्रिया जमणं वेगळं. मॅकेनने २००८ ला नेमकं काय केलं असतं? रशियाशी लढला असता? त्याचं उत्तर त्यानेही दिलं नव्हतं.

एडिसनकरांच्या लेकीला १९६० चं एक सांगा. शेवटच्या वादाच्या तोंडावर केनेडीने जाहीर केलं की कॅस्ट्रोविरोधी क्यूबन लोकांना अमेरिकेने मदत करावी. निक्सन उपाध्यक्ष होता. नेमकी तीच योजना गुप्तपणे शिजतेय हे त्याला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच बोलता येईना. उलट टीव्हीवर त्याने त्या कल्पनेला धोकादायक आणि बेजबाबदार म्हणून झोडपलं. ज्याला आतलं माहीत तो मवाळ दिसला, बाहेरचा कणखर दिसला. केनेडी जिंकला, एप्रिल १९६१ मध्ये तीच योजना 'बे ऑफ पिग्ज'च्या किनाऱ्यावर चौदाशे माणसांसकट बुडाली.

म्हणून माझं मत, उमेदवाराची तयारी असली काही गोष्टच नसते. त्या फजितीतून केनेडी शिकला, सेनापतींच्या खात्रीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवर लगेच बॉम्ब टाका म्हणणारे त्याच्याभोवती बसले होते, याने तेरा दिवस काढले. शिकवणी खुर्चीतच होते.

खडूस_मावशी (सोमवार, रात्री १०:२५)

किडे, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. मग मतदाराने चिठ्ठी टाकून निवडायचं का?

बोलणं म्हणजे 'नुसतं बोलणं' हे तुम्ही सगळ्यांनी फार सहज धरून चाललायत. त्या खुर्चीतल्या माणसाचं वाक्य हेच अर्धं शस्त्र असतं. ओबामा, ऑगस्ट २०१२, स्वतः पुन्हा उमेदवार. पत्रकारांसमोर म्हणून गेले की सीरियाने रासायनिक अस्त्रं वापरली तर आमची लाल रेषा ओलांडली जाईल. वर्ष पुरं झालं आणि दमास्कसजवळ घौटात विषारी वायू सोडला. आता करा काय? ना हल्ला, ना रेषा. ते वाक्य त्यांना आजही चिकटलेलं आहे. १९७६ ला अध्यक्ष फोर्ड निवडणुकीच्या वादात म्हणाले, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही! समोरच्या पत्रकाराने सावरायची संधी दिली, तर आणखी ताणलं. पोलिश मतदारांनी कपाळाला हात लावला.

तेव्हा एडिसनकर, लेकीला सांगा, वक्तृत्व स्पर्धा असली तरी असू दे. ज्याला तोंड सांभाळता येत नाही त्याला सहा हजार मैलांवरचं जहाज काय सांभाळणार? फक्त गुण कशाला द्यायचे ते बदला. जोरात कोण बोललं याला नाही, पुढे निस्तरता येईल एवढंच कोण बोललं याला.

काडीपेटी (सोमवार, रात्री १०:३९)

मावशींशी सहमत. हे या आठवड्यातलं दुसरं आहे, तब्येत बघून घेतो.

दुबईकर (मंगळवार, सकाळी ७:५०)

भाऊ पोचला होता, एडिसनकर. सामान दोन दिवसांनी पोचलं.

निवृत्त_सुभेदार (मंगळवार, सकाळी ९:३०)

मावशी बरोबर बोलल्या. एक सांगून थांबतो. आमचे एक सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब होते, वायरलेसवर खबर आली की पहिलं वाक्य कायम एकच, "तू स्वतः बघितलंस का, की कुणी सांगितलं?" पोरं वैतागायची. पण त्या प्रश्नामुळं आम्ही एकदा आमच्याच गस्तीवर फायर करता करता वाचलो. एडिसनकर साहेब, तुमच्या टीव्हीवाल्यांनी उमेदवाराला उत्तरं विचारायच्या ऐवजी त्याला खोटीनाटी खबर द्यावी आणि तो उलट काय प्रश्न विचारतो ते बघावं. होईल का तसं?

एडिसनकर (मंगळवार, सायंकाळी ७:०५)

सुभेदार, तसा कार्यक्रम झाला तर मी आयुष्यात पहिल्यांदा जाहिरातींसकट बघेन. लेक म्हणतेय, काकांना विचार, ते सीओ साहेब पुढे कोण झाले?

निवृत्त_सुभेदार (मंगळवार, रात्री ९:१५)

कर्नल म्हणूनच रिटायर झाले. फार प्रश्न विचारायचे ना.

चहाटळ (बुधवार, पहाटे ३:१२)

आत्ता फोन वाजला. देवाशप्पथ. भाचा. "मामा, झोपलास का?" मी ठेवून दिला, कुणालाही उठवलं नाही, कशालाही हात लावला नाही. रात्रपाळी, किती गुण?

रात्रपाळी (बुधवार, पहाटे ३:१४)

दहापैकी नऊ. एक कापला, कारण फोन कशासाठी होता ते विचारलंच नाहीस.